लेगिंग, ट्रॅकपँट, स्पोर्ट्स टी-शर्ट लवकर ढिले पडतात? लायक्राचे कपडे धुण्याची, वाळवण्याची आणि टिकवण्याची संपूर्ण माहिती

कामरेज (जि. सुरत), वार्ताहर :

पहाटे साडेपाचला कामरेज चार रस्त्याच्या आसपास चक्कर मारली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. चालायला निघालेल्या काकू असोत, जिमला जाणारी पोरं असोत की भरतीची तयारी करणाऱ्या मुली, सगळ्यांच्या अंगात ताणणारं कापड असतं. लेगिंग, टाइट, ड्रायफिट टी-शर्ट, योगा पँट. दहा वर्षांपूर्वी हे कपडे फक्त खेळाडूंचे होते. आता ते घराघरात आले आहेत, आणि धुण्याच्या बादलीत सुती साडी, टॉवेल आणि जीन्सच्या सोबतीला जाऊन पडतात. घोटाळा तिथेच होतो.

आमच्या घरचंच सांगतो. माझी पुतणी नवापूरची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी काही महिने आमच्याकडे राहायला आली. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. तिने धावायला सहाशे रुपयांची चांगली टाइट घेतली. चार महिन्यांत तिची कंबर ढिली पडली, गुडघ्यावर फुगे आले आणि मैदानावर पळता पळता एका हाताने पँट धरायची वेळ आली. "काका, कापडच खराब दिलं दुकानदारानं," असं ती म्हणाली. मीही आधी तेच म्हटलं. नंतर घरात चौकशी केली तेव्हा कळलं, दुकानदाराचा काही दोष नव्हता. दर रविवारी ती टाइट मी स्वतःच गरम पाण्यात, ब्लीच टाकलेल्या बादलीत पांढऱ्या कपड्यांसोबत भिजवत होतो. वर कडक उन्हात गच्चीवर दिवसभर. म्हणजे चूक माझीच.

त्यानंतर कापड लाइनमधल्या माणसांशी बोलून आणि घरी करून बघून जे समजलं, ते सगळं इथे एकत्र मांडतो आहे.

कापडात नेमकं असतं काय?

आपण ज्याला सरसकट "लायक्रा" म्हणतो, तो खरं म्हणजे एका ब्रँडचा शब्द. धाग्याचं नाव स्पँडेक्स. युरोपात त्यालाच इलास्टेन म्हणतात. लेबलवर दोन्हीपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी वस्तू एकच. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा धागा तयार केला. रबरापेक्षा बारीक, हलका आणि मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला तरी परत जागेवर येणारा. आता हा धागा आपल्याकडेही बनतो. कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा स्पँडेक्सचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-ऑरिक औद्योगिक वसाहतीत २०१९ पासून सुरू आहे.

कोणतीही लेगिंग पूर्ण स्पँडेक्सची नसते. साधारण ७५ ते ९० टक्के पॉलिस्टर किंवा नायलॉन आणि उरलेला स्पँडेक्स, असं मिश्रण असतं. सुरतच्या मार्केटमध्ये "फोर वे" म्हणतात ते कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणतं. "टू वे" एकाच बाजूने. नायलॉन-स्पँडेक्सला व्यापारी "एनएस" म्हणतात. मिलमध्ये हे कापड स्टेंटर मशीनवर ताणून, उष्णता देऊन त्याचं माप पक्कं केलं जातं.

या दोन धाग्यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि सगळी काळजी त्यावरच ठरते.

- स्पँडेक्स हा स्प्रिंगसारखा. त्याचे तीन शत्रू : क्लोरीन ब्लीच, उष्णता आणि सतत ताण. एकदा स्प्रिंग गेली की परत येत नाही. कापड दिसायला चांगलं राहतं, पण ढिलं पडतं.
- पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण तेल धरून ठेवतं. घामातलं पाणी उडून जातं, अंगाचं तेल धाग्यात राहतं आणि त्यावर जीवाणू वाढतात. म्हणून धुतलेला टी-शर्टही घालून दहा मिनिटं झाली की वास मारतो. बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टी-शर्टला जास्त घाण वास येतो आणि त्यावर वाढणारे जीवाणूही वेगळे असतात, असं आढळलं.

थोडक्यात, स्पँडेक्सला सांभाळून धुवायचं आहे आणि पॉलिस्टरमधलं तेल काढायचं आहे. दोन्ही एकाच वेळी साधायला हवं.

आधी लेबल वाचा

आतल्या शिवणीला पांढरी पट्टी असते. टोचते म्हणून आपण ती पहिल्याच दिवशी कापून टाकतो. कापायची तर कापा, पण आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खुणा अशा वाचायच्या :

- पाण्याचा टब आणि त्यात ३० : पाणी ३० अंश सेल्सिअसपर्यंतच. नळाचं साधं पाणी चालतं. टबखाली आडवी रेघ असेल तर मशीन हलक्या मोडवर.
- टबात हात : फक्त हाताने धुवा.
- त्रिकोणावर फुली : ब्लीच नको.
- चौकोनात गोल, त्यावर फुली : ड्रायर नको.
- इस्त्रीत एक टिंब : जास्तीत जास्त ११० अंश. दोन टिंब १५०, तीन टिंब २००. इस्त्रीवर फुली असेल तर इस्त्री करूच नका.

सुरतच्या खुल्या बाजारात, किलोवर किंवा लॉटमध्ये घेतलेल्या मालावर बऱ्याचदा लेबलच नसतं. अशा वेळी सर्वांत नाजूक कापड समजूनच धुवा : थंड पाणी, हलका हात, सावली. नुकसान होणार नाही.

धुण्याआधीची पाच मिनिटं

१. घामाचा कपडा बॅगेत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. घरी आल्यावर लगेच धुणं जमत नसेल तर निदान साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. हे एक केलं तरी अर्धा वास जातो.

२. कपडा उलटा करा. घाम आणि तेल आतल्या बाजूला असतं. बाहेरचा रंग आणि छापलेली अक्षरंही वाचतात.

३. चेन लावा, नाडी बांधा. ब्राचे कप सुटे असतील तर काढून वेगळे धुवा.

४. वेगळा ढीग करा. जीन्स, टॉवेल, हुक किंवा वेल्क्रो असलेले कपडे यांच्यासोबत लायक्रा नको. जीन्स घासते, टॉवेल लव सोडतो, वेल्क्रो धागे ओढतो. कापडावर बारीक बारीक गोळ्या येतात त्या याच घर्षणाने.

५. नवा गडद कपडा पहिल्या दोन धुण्यांना एकटाच धुवा. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या शिवणीवर घासून बघा.

हाताने धुवायचं तर

अर्धी बादली साधं पाणी घ्या. दोन कपड्यांसाठी एक छोटा चमचा लिक्विड डिटर्जंट पुरतं. पावडर असेल तर आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा, नाहीतर काळ्या लेगिंगवर पांढरे पट्टे राहतात. कपडे १५ ते २० मिनिटं भिजवा. रात्रभर नको. मग काख, कंबर, मांडीची आतली बाजू एवढे भाग दोन हातांत धरून हलके चोळा. बाकी कपडा नुसता दाबून-सोडून चालतो.

ब्रश नको, दगड नको, आणि मोगरी तर नकोच. गुजरातीत जिला "धोको" म्हणतात तिने चादरी धोपटा, हे कापड नाही.

दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. पाण्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत. कापडात राहिलेला साबण चिकट होतो, त्यावर मळ बसतो, वरून अंगाला खाज सुटते.

पिळताना दोरखंडासारखा पीळ देऊ नका. ओला स्पँडेक्स असा मुरगळला की धागे तुटतात. मुठीत धरून दाबा, किंवा सुती टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करा आणि वरून दाबा. निम्मं पाणी टॉवेल ओढून घेतो.

मशीनमध्ये धुवायचं तर

मशीन लावू नये असं काही नाही. फक्त सेटिंग बरोबर हवी.

- मोड : डेलिकेट, जेंटल किंवा स्पोर्ट्स. यांपैकी नसेल तर सगळ्यात छोटा.
- पाणी : थंड. हीटर बंद.
- स्पिन : ४०० ते ६०० फेरे. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये एक मिनिट पुरे.
- पिशवी : जाळीची पिशवी बाजारात मिळते. नसेल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात कपडे घालून तोंड बांधा.
- डिटर्जंट : पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची वडी वापरू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची चिकट साय तयार होते आणि धाग्यावर बसते. डिटर्जंटला हा त्रास कमी होतो. पिण्याच्या आरओचं पाणी धुण्यात घालायची गरज नाही; शेवटचं खंगाळणं नळाच्या गोड पाण्यात झालं तरी फरक दिसतो.

काय टाकायचं नाही?

फॅब्रिक कंडिशनर : सुती कपड्याला मऊपणा देतं ते धाग्यावर थर बसवून. ड्रायफिटवर तोच थर घाम ओढून घेण्याचं काम बंद पाडतो, आणि वास आत कोंडतो. सुगंध येतो तो दोन दिवसांचा.

क्लोरीन ब्लीच : पांढरा असो वा रंगीत, स्पँडेक्स असलेल्या कपड्याला कधीच नाही. तो पिवळा पडतो आणि स्प्रिंग मरते. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनही हेच करतं. स्विमसूट बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्यात धुवायचा, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही.

गरम पाणी, स्टार्च, नीळ : तिन्हींची या कापडाला गरज नाही.

आणि एक धोक्याची सूचना. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वास जातच नसेल तर

चार भाग पाणी, एक भाग पांढरं व्हिनेगर. त्यात कपडा अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा डिटर्जंटने धुवा. व्हिनेगरचा वास वाळल्यावर राहत नाही. पर्याय म्हणून बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा. दोन्ही एकत्र टाकू नका, एकमेकांचा परिणाम घालवतात. हा उपाय महिन्यातून एक-दोनदा ठीक. रोज नको.

डाग असा काढा

- तेल, बाम, मसाज तेल : कोरड्या डागावर भांड्यांचं लिक्विड एक थेंब, बोटाने चोळून दहा मिनिटं, मग धुवा.
- मैदानाचा चिखल : आधी पूर्ण वाळू द्या, झटका, मग धुवा. ओला चिखल चोळला की आत शिरतो.
- रक्त : थंड पाणीच. गरम पाण्याने डाग पक्का होतो.
- हळद : साबण लावला की लाल दिसते, घाबरू नका. स्वच्छ धुवून डागाची बाजू तासभर उन्हाला दाखवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. हा एकच अपवाद, बाकी वेळी ऊन नको.

वाळवणं : खरं नुकसान इथेच

रोजचं कडक ऊन स्पँडेक्स आणि रंग दोन्ही खातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीची फरशी चटके देते. तिथे लेगिंग दिवसभर ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवण्यासारखं. गॅलरीत सावलीत, वारा लागेल अशी, उलटी करून टाका. पॉलिस्टर पाणी धरत नाही, त्यामुळे हे कपडे तसेही लवकर वाळतात.

लेगिंग मधोमध दुमडून दोरीवर टाका. कमरेला चिमटे लावून लटकवली की पाण्याच्या वजनाने लांब होते. टी-शर्ट खांद्याला चिमटा लावून नको. स्पोर्ट्स ब्रा पट्ट्यांना धरून लटकवू नका, मधल्या भागावरून दोरीवर टाका.

पावसाळ्यात सुरत असो, नवापूर असो की नंदुरबार, हवेत ओल इतकी की कपडा वाळतच नाही. तेव्हा टॉवेलची गुंडाळी दोनदा करा, आणि पंख्याखाली दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून पसरा. अर्धवट ओला कपडा घालून जाऊ नका, आणि वाळवायला म्हणून इस्त्री फिरवू नका. कॉटनच्या आकड्यावर ठेवलेली इस्त्री २०० अंशांपर्यंत जाते. तेवढ्यात कापड चकाकतं, आखडतं, छापील अक्षरं चिकटून निघतात. सुरकुती काढायचीच असेल तर सर्वांत कमी तापमान आणि मध्ये सुती कापड.

अंगाचाही प्रश्न आहे

हा मुद्दा कपड्यापेक्षा मोठा. घट्ट, घामट कपडा तासन् तास अंगावर राहिला की जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नायटा किंवा गजकर्ण होतो. बुरशीचा आजार आहे, आणि एकाच घरात टॉवेल, कपडे वाटून वापरले की पसरतो. व्यायाम संपला की कपडा बदला, अंग कोरडं करा, एकमेकांच्या लेगिंग घालू नका.

नायटा झालाच तर अडचण अशी, की कपड्यावरची बुरशी मारायला खूप गरम पाणी चांगलं, आणि लायक्राला ते चालत नाही. म्हणून बरं होईपर्यंत सैल सुती कपडे वापरा, जे गरम पाण्यात धुता येतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड मिसळलेली क्रीम आणून लावू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

विकत घेताना चार परीक्षा

१. कापड आडवं दीडपट ताणा, सोडा. लगेच मूळ मापावर आलं पाहिजे. सुरकुतलेलं राहिलं तर ठेवून द्या.

२. ताणलेल्या कापडामागे हात धरा. बोटं स्पष्ट दिसली तर वाकल्यावर आरपार दिसणार.

३. वजन विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. लेगिंगला साधारण २२० च्या पुढे बरं, टी-शर्टला १३० ते १८० पुरे.

४. शिवण ताणून बघा. टाके कटकट आवाज करत असतील तर धागा साधा वापरलाय. पहिल्या बैठकीत उसवणार.

आणि माप बरोबर घ्या. एक साइज लहान घेतलेली लेगिंग कायम ताणात राहते, म्हणून लवकर मरते.

हिशोब करून बघा

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. ६०० रुपयांची टाइट आठवड्यातून तीनदा घातली तर वर्षाला साधारण १५० वेळा वापर होतो. सहा महिन्यांत ढिली पडली तर ७५ वेळा, म्हणजे एका वापराला ८ रुपये. तीच नीट धुवून दीड वर्ष टिकली तर २२५ वेळा, म्हणजे एका वापराला २ रुपये ६७ पैसे. घरात तीन माणसं हे कपडे वापरत असतील तर वर्षाकाठी फरक केवढा पडतो, तो तुम्हीच मांडा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या घरी बूट, खुराक, प्रवास असे खर्च आधीच असतात.

एकाऐवजी दोन जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा. घाईघाईत ओला कपडा घालावा लागत नाही.

आणखी एक. पॉलिस्टर प्रत्येक धुण्यात अगदी बारीक प्लास्टिकचे तंतू सोडतं. ते सांडपाण्यातून नदीकडे जातात. थंड पाणी, छोटी सायकल आणि भरलेलं मशीन यांनी घर्षण कमी होतं, तंतूही कमी सुटतात. म्हणजे कपड्याला जे चांगलं, तेच तापीलाही चांगलं.

कपडा निवृत्त कधी करायचा?

कंबर वारंवार घसरते, गुडघ्याचे फुगे धुतल्यावरही जात नाहीत, ताणल्यावर पांढरे बारीक धागे वर दिसतात : समजा स्प्रिंग गेली. नुसता कमरेचा इलास्टिक गेला असेल तर शिंप्याकडे थोड्या पैशात बदलून मिळतो. बाकी कापड घरात घालायला, किंवा टॉमेटोची रोपं बांधायला पट्ट्या म्हणून उत्तम. ताणतं, त्यामुळे रोपाला काच पडत नाही.

भिंतीवर लावायची यादी

- घाम आला, लगेच पाण्यातून काढा.
- उलटा करून, थंड पाण्यात, कमी डिटर्जंटने धुवा.
- ब्लीच नाही, कंडिशनर नाही, गरम पाणी नाही.
- पिळायचं नाही, दाबायचं.
- सावलीत, दुमडून, वाऱ्यावर वाळवा.
- इस्त्री नाही. पूर्ण वाळल्यावरच घडी.

ही यादी आमच्या बाथरूमच्या दाराला पुतणीने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवली आहे, आणि खाली मोठ्या अक्षरात एक ओळ जास्तीची : "काकांनी बादलीला हात लावू नये." तिची दुसरी टाइट आता दहाव्या महिन्यात आहे. कंबर जागेवर आहे, आणि पळताना तिचे दोन्ही हात मोकळे असतात.